कमी खाणारा डबा

टीव्हीखाली कॉम्प्युटर ठेवायचं आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात आलं, त्या दिवशीच मला वास आला. जळका वास पुढे आला, तो वेगळा. हा पहिला वास कटाचा होता.

"आई, हॉलमध्ये आपण थिएटर करू," तो म्हणाला. "एक छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, टीव्हीला जोडायचा. घरबसल्या हवा तो सिनेमा. तुलाही करमेल."

"मला करमत नाही असं कुणी सांगितलं तुला?"

सूनबाई रुमालांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तसं नाही हो आई. तेवढाच तुमच्या घशाला आराम."

झालं! पकडलं की नाही मी?

ही काय भानगड ते सांगते. हॉलमध्ये खिडकीपाशी एक आरामखुर्ची आहे, ती माझी. संध्याकाळचा चहा झाला की समोरच्या दारातले ऑडिटसाहेब येतात. रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून कुणी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी ते 'कशावरून' विचारतात. वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई हातात कुणाच्या तरी पँटची मोहरी घेऊन येतात. इमारतीतली पोरंटोरं येतात आणि मी गोष्टी सांगते. खोटं मी बोलत नाही हं. उशीतला कापूस उन्हात टाकला की फुगतो ना, तसं होतं माझ्याकडे. कापूस तोच असतो.

आता आमच्या मामांच्या पंख्याची हकीकत घ्या. तो पंखा इतका जोरात फिरायचा, की त्याच्याखाली झोपलेला माणूस सकाळी कूस बदललेला नव्हे, खोली बदललेला सापडायचा. एकदा मामींनी त्याच्याखाली कांदे चिरले, तर शेजारची चार घरं रडली. हे मी सांगितलं तेव्हा ऑडिटसाहेब म्हणाले, "पुरावा?" मी म्हटलं, "मामा गेले." "आणि पंखा?" "तो त्यांच्याआधीच गेला. खिडकीतून." पोरं हसून लोळली. माणसाला या वयात आणखी काय लागतं हो? एक खुर्ची आणि समोर चार तोंडं उघडी.

म्हणून सांगते, 'घशाला आराम' याचा अर्थ मला बरोबर कळला. सूनबाई इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत कामाला आहे. माणसाच्या आतलं बघायची तिला सवय. मलाही ती बघते तेव्हा वाटतं, हिला माझ्या बरगड्या दिसतायत.

चिरंजीवांचं वेगळंच. तो विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचा हात मोडला, की तो खरंच मोडला का, मोडला तर कुणी मोडला, आणि मोडण्याआधी सरळ होता का, हे बघायचे त्याला पैसे मिळतात. दिवसभर लोकांवर संशय घेऊन तो घरी येतो, आणि उरलेला संशय विजेवर घेतो. या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि बटणं बंद करतो. बाथरूममध्ये माणूस असताना दिवा बंद करतो आणि मग विचारतो, "आत कुणी आहे का?" दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा खरोखर विझतो का, या विचारानं त्याला एकदा झोप लागेना. शेवटी त्यानं स्वतःचा मोबाइल शूटिंग चालू करून फ्रिजमध्ये ठेवला. दिवा विझत होता. पण मोबाइल गारठला, तो नंतर कायम सर्दी झाल्यासारखाच बोलायचा.

अशा माणसाला कॉम्प्युटर घ्यायचा होता. त्याची अट एकच. कमी खाणारा हवा. अख्खं थिएटर आमच्या पॅसेजमधल्या मिणमिणत्या बल्बइतक्याच विजेवर चाललं पाहिजे.

ही बातमी इमारतीत कशी फुटली कोण जाणे. (मीच फोडली. पण पोरांना सांगितली म्हणजे फोडली असं होत नाही.) लगेच सल्ले सुरू.

"नवा कशाला घेता?" ऑडिटसाहेब म्हणाले. "माझा जुना लॅपटॉप आहे. फक्त पडदा लागत नाही, तीन अक्षरं उमटत नाहीत आणि मधूनच बंद पडतो. बंद पडला की अजिबात वीज खात नाही."

शिलाईवाल्या बाईंनी दोरा दातानं तोडला. "आमच्या भाच्यानं घेतलाय तसला मोठा. बाई गं, काय घरघरतो! सिनेमात कुणी हळू आवाजात प्रेमाचं बोललं, की ऐकूच येत नाही. नुसतं घर्र. मी म्हटलं, त्यापेक्षा तुझे काका बरे, ते निदान झोपल्यावर घोरतात."

चिरंजीवांनी तेवढ्यातनं नेमकं उचललं. घरघर म्हणजे पंखा. पंखा म्हणजे वीज. म्हणजे पंखा नसलेला डबा हवा.

दुकानात मीही गेले. चिरंजीव म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "कळत नाही म्हणूनच येते. कळणाऱ्यांना फसवणं सोपं असतं."

दुकानदार गोड बोलणारा. गोड बोलणारा माणूस दिसला की मी पिशवी दुसऱ्या हातात घेते. त्यानं आधी एक काचेच्या भिंतींचा मोठा डबा दाखवला. आत लाल, हिरवे, निळे दिवे. जत्राच!

"हे दिवे कशासाठी?" चिरंजीवांनी विचारलं.

"दिसायला छान वाटतात, साहेब."

"कुणाला? डबा तर टीव्हीखाली बसणार." त्यानं लगेच तिथलं बटण शोधायला हात घातला. मी त्याचा हात ओढला. दुसऱ्याच्या दुकानातले दिवे बंद करायला लागला असता हा.

"किती खातो हा?"

"साहेब, खातो तसं कामही करतो."

"हो का," चिरंजीव पडेल आवाजात म्हणाले. "आमचे साहेब माझ्याबद्दल असं कधी म्हणाले नाहीत."

मग दुकानदारानं काउंटरखालून एक काळा डबा काढला. साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्या, तेवढा. "हा घ्या. याला पंखाच नाही. आवाज नाही. खाणं तर अगदी चिमणीसारखं. चोवीस तास चालू ठेवा, आहे की नाही ते कळणार नाही."

चोवीस तास चालू, आणि गप्प! आमच्या घराण्यात इतका गप्प कुणी राहिला, की आम्ही त्याची पेटी तपासतो.

"ऐकू येतं का याला?" मी विचारलं.

"म्हणजे माइक? लावता येतो ना आजी. वेगळा मिळतो."

मी चिरंजीवांच्या बरगडीत कोपर मारलं. त्यांना वाटलं, मला गर्दी होतेय, ते सरकले.

दुकानदार पुढे समजावत होता. "बघा साहेब, सिनेमा आत गुंडाळी करून ठेवलेला असतो. तो उलगडायला याच्यात वेगळा खास भाग दिलाय. तो हलक्या हातानं उलगडतो. त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर ताण येत नाही, तो आराम करतो. म्हणून कमी खातो."

चिरंजीव विचारात पडले. तो विचारात पडला की त्याची डावी भुवई वर जाते. मी त्याची आई, मला कळतं. त्यानं एवढंच ऐकलं होतं, की आत एकाऐवजी दोघं आहेत.

डबा घरी आला, तसं त्यानं वॅट मोजायचं एक यंत्र भिंतीच्या प्लगमध्ये खोचलं आणि डबा त्यात खोचला. मग कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. आणि काय सांगू तुम्हाला, घरात जसा खोल्याखोल्यांतून फिरतो, तसाच तो कॉम्प्युटरच्या आत फिरला. "हे का चालू आहे? बंद. हे कशाला लागतं? बंद. हा सिनेमा उलगडणारा? मुख्य आहे ना घरात, मग हा कशाला? बंद." पडद्यावरची एकेक 'बरोबर'ची खूण पुसत गेला. यंत्रावरचा आकडा घसरला. सिनेमा सुरूच नव्हता, तो घसरणारच! पण चिरंजीवांचा चेहरा असा उजळला, जणू एखाद्या विधवेचा दावा त्यांनी फेटाळून लावला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "दुकानदार नको ते चालू ठेवून देतात."

सूनबाई वाकून पडद्याकडे बघत राहिली. तिचे ओठ जरासे हलले. मग काहीच बोलली नाही. हे मी त्याच वेळी मनात नोंदवलं. बायको नवऱ्याला काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि मिटते, म्हणजे पाणी नक्की मुरतंय.

थिएटरच्या उद्घाटनाला सगळ्यांना बोलावलं. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा लागल्या. आणि माझी आरामखुर्ची? चिरंजीवांनी आणि ऑडिटसाहेबांनी दोन बाजूंनी धरली, मला तिच्यातून उठवलं, आणि ती दारामागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. "तिथे टीव्हीच्या आड येत होती, आई." दारामागे! जिथे छत्र्या ठेवतात तिथे! मी जाऊन बसले. कुणी दार उघडलं की ते माझ्या गुडघ्याला लागायचं आणि उघडणारा म्हणायचा, "कोण आहे?"

सिनेमा सुरू झाला. मोठं घर, दोन बहिणी, एक दाढीवाला डॉक्टर. सगळे श्वास रोखून बसले.

तर आधी आवाज आला. चित्र मागाहून. थोरली बहीण तोंड मिटून खिडकीबाहेर बघतेय आणि तिचं बोलणं ऐकू येतंय. ती बोलायला तोंड उघडते, तेव्हा धाकटी उत्तर देऊन मोकळी. मग चित्र अडकायला लागलं. डॉक्टर जिन्यावर एक पाय उचलून उभे, आणि त्यांच्या बुटांचा आवाज मात्र केव्हाच वर पोचलेला. थोड्या वेळानं बंदुकीचा बार झाला. पडद्यावर सगळे निवांत कॉफी पीत होते. ज्याला गोळी लागायची होती त्यानं साखर मागितली. मग त्याच्या बायकोचा हंबरडा ऐकू आला. तो आपला कॉफी ढवळतोय. शेवटी तो पडला, पण तोवर बाई रडून, डोळे पुसून, वकिलाशी बोलायला लागल्या होत्या.

पोरं खो खो हसत होती. चिरंजीवांचे कान लाल. त्यानं रिमोट उचलला आणि आवाज बंद करून टाकला. "चित्र तर बघा," तो म्हणाला. "चित्र स्वच्छ आहे."

पडद्यावर थोरली तोंड हलवतेय.

"आता काय म्हणतेय ती?" शिलाईवाल्या बाई कुजबुजल्या.

दारामागून मी म्हटलं, "ती म्हणतेय, 'डॉक्टर, माझ्या बहिणीच्या औषधाची बाटली कुणी बदलली?'"

सगळ्या माना वळल्या.

"आणि डॉक्टर?" एका पोरानं विचारलं.

"डॉक्टर म्हणतायत, 'हळू बोला. भिंतीतल्या कपाटात तुमचे पहिले यजमान आहेत.'"

त्यानंतर ऑडिटसाहेब स्वतः उठले आणि माझी खुर्ची टीव्हीच्या शेजारी आणून ठेवली. तोंड प्रेक्षकांकडे. मी कुठली सोडते! चित्र अडकलं की मला उलट रान मोकळं. थोरली तोंड उघडून थिजली, की मी तिचं लहानपण, तिचं पहिलं लग्न, तिच्या सासूनं लपवलेल्या किल्ल्या, सगळं सांगून घ्यायची. एक सिनेमा आम्हाला कितीतरी संध्याकाळी पुरला. खालच्या मजल्यावरचेही यायला लागले. बाहेर चपलांचा एवढा ढीग, की ऑडिटसाहेब रोज जाताना डाव्या पायात स्वतःची आणि उजव्यात दुसऱ्याची घालून जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुरावा मागायचे.

आता मूळ डब्याकडे येते. एकदा मी त्याच्यावर हाताची पालथी बाजू ठेवली. पोराचा ताप बघतात तशी. चटकाच बसला, आणि वर जळका वास! "अरे, याला ताप आलाय," मी म्हटलं. चिरंजीवांनी डब्यासमोर टेबलफॅन आणून लावला. पंखा नको म्हणून बिनपंख्याचा डबा घेतला, आणि त्याच्यापेक्षा तिप्पट मोठा पंखा त्याला वारा घालत बसला. पण वॅटच्या यंत्रात पंखा धरायचा नाही, कारण तो दुसऱ्या प्लगमध्ये होता.

आणि मीटर पळायला लागला.

चिरंजीवांना घास गोड लागेना. "वीज चोरतंय कुणीतरी," तो म्हणाला. त्याचे डोळे प्रत्येकावर फिरले. शिलाईवाल्या बाईंच्या मशीनवर, ऑडिटसाहेबांच्या गीझरवर, माझ्यावरसुद्धा. मी काय वीज पदराला बांधून नेणार होते?

ऑडिटसाहेबांनी उपाय सांगितला. "सगळं बंद करा आणि मीटरसमोर उभे राहा. तरी फिरला, तर चोरी सिद्ध."

सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. दोघं मीटरसमोर उभे. मीटर फिरतच होता!

"चोरी!" ऑडिटसाहेब ओरडले.

मी हॉलमध्ये बसल्या जागेवरून म्हटलं, "अरे, हा डबा आणि त्याचा पंखा चालूच आहेत की."

"आई, तो डबा काही खातच नाही, पहिल्याच दिवशी मोजलंय मी," चिरंजीव तिथूनच ओरडले. "आणि पंखा त्याच्यासाठीच आहे."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. चिरंजीव वीज ऑफिसात गेले आणि तिथून आले ते चेहरा पाडून. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं, "मीटर जोरात पळतो ही तक्रार या खिडकीवर घेत नाहीत. इथे मीटर थांबल्याची तक्रार घेतात."

"ती कोण करतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर इथे रांग नाही."

पळणाऱ्या मीटरची खिडकी जेवायला गेली होती. ती परत आल्यावर चिरंजीवांनी तक्रार दिली. घरात काय काय चालतं ते विचारलं, तेव्हा या शहाण्यानं अभिमानानं सांगितलं, "थिएटर."

त्याचं फळ एका संध्याकाळी दारात आलं. मी रंगात होते. डॉक्टर तळघरात उतरत होते आणि मागून कुणीतरी कडी लावत होतं. दिवे बंद, खुर्च्यांच्या रांगा, मागे उभी माणसं. दार उघडलं आणि बॅटरी हातात घेतलेला एक उंच माणूस आत आला. वीज ऑफिसचे तपासनीस साहेब. त्यांनी बॅटरी खुर्च्यांवरून फिरवली.

"तिकीट कुठे काढतात?" त्यांनी विचारलं.

"तिकीट नाही हो," सूनबाई म्हणाली.

"पहिल्या दिवशी असंच म्हणतात. तुम्ही स्वतः सांगितलंय, घरात थिएटर आहे. म्हणजे हा व्यवसाय झाला. मीटर बदलावा लागेल, दर वेगळा लागेल. नाहीतर हे सगळं बंद."

चिरंजीवांचा चेहरा बघवेना. दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर कुणी संशय घेतला, की तो अगदी पोरासारखा होतो. पण माझा हिशेब वेगळाच होता. हे सगळं बंद म्हणजे मी बंद!

"साहेब," मी म्हटलं, "आधी आमचं थिएटर बघा तर खरं. अरे, आवाज लाव."

चिरंजीवांनी आवाज लावला. साहेब उभ्यानं बघत राहिले. दारावर टकटक झाली, 'बसा' म्हणून झालं, आणि मग पडद्यावर बाई जिना चढायला लागली. एक कुत्रा शांतपणे झोपलेला होता आणि भुंकत होता. डॉक्टरांचा खोकला ऐकू आला, मग ते हसले, हसून थांबले, आणि तेव्हा कुठे खोकले.

साहेबांनी टोपी काढली. "याला थिएटर म्हणता येणार नाही," ते हळूच म्हणाले. "पण मग मी याला म्हणू काय?"

"बिघाड," ऑडिटसाहेब म्हणाले. "घरगुती बिघाड."

"ठीक. पण वापर नेमका कसा होतो ते मला बघावं लागेल." ते रिकाम्या खुर्चीवर टेकले. "बंद करा तो आवाज. आजी, तुमचं जे चाललं होतं ते चालू द्या."

मी चालू दिलं. डॉक्टर तळघरात अडकले, मेणबत्ती विझली, भिंतीमागून यजमानांनी हाक मारली. साहेबांनी घड्याळाकडे बघून नाइलाजानं टोपी घातली. जाताना चिरंजीवांना म्हणाले, "घरगुतीच आहे. मीटरही बरोबर आहे तुमचा. जे काही खातंय ते याच खोलीत बसून खातंय." आणि माझ्याकडे वळून, "मला पुन्हा तपासणीला यावं लागेल. डॉक्टर सुटले की कळवा."

चिरंजीवांनी डब्याकडे बघितलं. त्यांची डावी भुवई वर गेली. "फसवलं मला दुकानदारानं," तो दातओठ खात म्हणाला. "रविवारी बोलावतो त्याला घरी. हा डबा त्याच्यासमोर लावतो."

झाली का पंचाईत! दुकानदार येणार, डबा दुरुस्त होणार, आवाज चित्राला चिकटणार, आणि मी छत्र्यांजवळ. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात नुसतीच फडकं घेऊन ओटा पुसत होते. पुसलेलाच पुन्हा.

"आई," सूनबाई म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते मला माहीत आहे."

एक्स-रे! मी फडकं छातीशी धरलं.

"त्या डब्याला काहीही झालेलं नाही. यांनी तो सिनेमा उलगडणारा भाग बंद करून ठेवलाय. सगळं ओझं एकट्या मुख्य प्रोसेसरवर. तो धापा टाकतो, तापतो आणि जास्त खातो. एक खूण परत केली की झालं. मी पहिल्याच दिवशी बघितलं."

"आणि इतके दिवस गप्प बसलीस?"

ती हसली. "मला त्या थोरलीचं पुढे काय होतं ते ऐकायचं होतं."

काय म्हणावं? माझ्या डोळ्यात पाणी आलं असेल, पण ओट्यावर कांदा होता, त्यामुळे पुरावा नाही.

"पण आता मी ती खूण करून टाकते," ती म्हणाली.

"का? का पण?"

"दुकानदार येऊन बघणार आणि यांना म्हणणार, 'साहेब, हे तुम्हीच बंद केलंत.' परक्या माणसासमोर. चालेल तुम्हाला?"

नाही हो. पोटचा पोर तो. बटणं बंद करतो, पण माझा आहे. "आणि माझी खुर्ची?" मी विचारलं.

"खुर्चीचं मी बघते," असं म्हणून ती हात पुसत हॉलमध्ये गेली. 'मी बघते' म्हणणाऱ्या माणसावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. पण इलाज नव्हता.

दुकानदार आला. चिरंजीवांनी एखाद्या खुन्याला हजर करावं तसा डबा लावला. चित्र सरळ, आवाज चित्राला धरून. दुकानदारानं डब्यावर हात ठेवला. गार! यंत्रावरचा आकडा बघितला. चिमणीचं खाणं.

"उत्तम चालतोय की, साहेब."

"तुम्ही आलात म्हणून चालतोय!" चिरंजीव किंचाळले. "हा माणसं ओळखतो!"

दुकानदारानं आधी त्यांच्याकडे, मग सूनबाईकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "घरात सगळं ठीक आहे ना?" एवढं विचारून तो जिना उतरला.

संध्याकाळी सगळे जमले. चिरंजीवांनी मुकाट्यानं सिनेमा लावला. आवाजासकट. माझी खुर्ची अजून टीव्हीशेजारी होती, पण मी तिच्यात पाहुण्यासारखी बसले होते, टोकावर.

थोरली आली. तिनं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिचा आवाज आला. बारीक, चिरका आवाज. "डॉक्टर," ती म्हणाली, "या खोलीला निळे पडदे बरे दिसतील का?"

"निळे बरे," डॉक्टर म्हणाले.

"पडदे?" शिलाईवाल्या बाई म्हणाल्या. त्यांची सुई हवेतच राहिली. "आणि बाटली?"

"आणि कपाटातले यजमान?" ऑडिटसाहेबांनी विचारलं. पुरावा मागायचा ते विसरले.

डॉक्टर पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत राहिले. एक पोरगं उठून जायला लागलं. सूनबाई चिरंजीवांच्या शेजारी बसली होती. ती नवऱ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "या स्पीकरलाही वीज लागतच असेल, नाही?"

चिरंजीवांनी एकदा यंत्रावरच्या आकड्याकडे बघितलं आणि रिमोट उचलला. आवाज गेला. "तेवढीच बचत," तो घसा खाकरून म्हणाला. मग माझ्याकडे न बघताच, "डॉक्टर तळघरातून सुटले कसे, ते राहिलंय आई."

मी खुर्चीत मागे रेलले. काय सुटका केली मी डॉक्टरांची! भिंत फोडली, विहीर लागली, विहिरीत जिना, जिन्यावर धाकटी बहीण, पुरुषाच्या वेषात. एका वाक्यावर थांबून मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. थोरलीचे ओठ पडद्यावर हलत होते, आणि माझ्या तोंडात पाणी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "'डॉक्टर, त्या विहिरीत मीच तुम्हाला ढकलणार होते. पण तुमचा एक बूट माझ्याकडे राहिला, आणि मला रोज तो पुसायची सवय लागली.'"

सूनबाई! पोरांनी श्वास रोखला. शिलाईवाल्या बाईंनी डोळ्याला पँटची मोहरी लावली.

बरं बोलली. जरा जास्तच बरं बोलली. माझ्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही तिनं, आणि तेच मला खटकतंय.

त्या दिवसापासून मी पेला हातात घेत नाही. तहान लागली तर सिनेमा संपल्यावर पिते.